मेक्सिकोने दयाळू बादशहा का नाकारला?



सन १८६७ च्या जून महिन्याच्या १९ तारखेस, सकाळच्या प्रहरी, मेक्सिको देशातील केरेतारो शहराबाहेरच्या एका टेकडीवर तीन माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. एक होता मॅक्झिमिलियन, ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा धाकटा भाऊ आणि तीन वर्षे स्वतःस मेक्सिकोचा बादशहा म्हणविणारा. दुसरा होता मिरामोन, त्या देशातील सनातनी पक्षाचा सेनापती. तिसरा होता तोमास मेहिया, त्या देशाच्या मूळच्या रहिवाशांपैकी ओतोमी जमातीत जन्मलेला सरदार. मृत्युदंडाची आज्ञा कायम करणारा राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेझ हाही मूळच्या रहिवाशांपैकीच, झापोटेक जमातीचा. मेंढरे राखणाऱ्या एका पोरक्या पोराने युरोपातील राजघराण्याच्या वंशजास देहान्त शासन दिले, हे वृत्त ऐकून साऱ्या युरोपातील दरबार हादरले.

तेव्हापासून एक रडगाणे अखंड चालू आहे. कादंबऱ्यांतून, नाटकांतून, चित्रपटांतून ते आळविले गेले. त्याचा सूर असा : "बादशहा बिचारा सज्जन होता. त्याला गरिबांचा कळवळा होता. आदिवासींवर त्याची माया होती. त्याला गैरसल्ला मिळाला एवढेच. आणि तो हुआरेझ? तो दगडाच्या काळजाचा. व्हिक्टर ह्यूगोने विनवले, गॅरिबाल्डीने विनवले, तरी त्याला पाझर फुटला नाही." आज या रडगाण्याची झडती घ्यावयाची आहे. कारण सज्जन मालक मिळाला म्हणजे गुलामाने तक्रार करण्याचे कारण उरत नाही, हा जो समज जगात सर्वत्र पसरलेला आहे, त्याचेच हे एक सोज्ज्वळ रूप होय.

प्रथम हे पाहू की भांडण होते कशाचे. स्पेनच्या राजाने तीनशे वर्षे मेक्सिकोवर राज्य केले. १८२१ साली देश स्वतंत्र झाला. परंतु राजा गेला म्हणून राजाची माणसे गेली असे होत नाही. चर्चचे पाद्री आणि लष्करातील अधिकारी यांची न्यायालये निराळी राहिली. सामान्य माणसाने पाद्र्यावर फिर्याद करावी तर न्याय देणारेही पाद्रीच. देशातील सर्वांत मोठी मालमत्ता चर्चची. जन्माची नोंद चर्चच्या वहीत, लग्न चर्चच्या हातून आणि प्रेत पुरावयाचे तर तेही चर्चच्या परवानगीने. प्रत्येक पायरीवर दक्षिणा. माणसाचा जन्म, त्याचा विवाह आणि त्याचे अंत्यसंस्कार ज्यांच्या मुठीत असतात, ते त्याच्या मतावर आणि मनावर कसे राज्य करू शकतात, हे तुम्हांला सांगावयास नको.

हुआरेझने हे पुस्तकात वाचले नव्हते. २१ मार्च १८०६ रोजी वाहाका प्रांतातील ग्वेलाताओ या डोंगरी खेड्यात त्याचा जन्म झाला. तीन वर्षांचा असताना आईबाप वारले. चुलत्याची मेंढरे राखण्यात बालपण गेले. स्पॅनिश ही राज्यकर्त्यांची भाषा. ती आल्यावाचून वर येण्याचा मार्ग नाही हे त्या पोराला कळले होते. म्हणून धडा चुकला तर मारावे यासाठी चाबूक आपणच चुलत्यापुढे नेऊन ठेवीत असू, असे त्याने पुढे आपल्या मुलांसाठी लिहिलेल्या आठवणींत नमूद केले आहे. १८१८ च्या डिसेंबरात, वयाच्या बाराव्या वर्षी, तो गाव सोडून वाहाका शहरात चालत आला. तेथे त्याची बहीण एका घरी स्वयंपाकीण होती. पुढे १८४३ साली त्याच घरच्या मुलीशी, मार्गारिता माझा हिच्याशी, त्याचा विवाह झाला. ज्या घरात बहीण चुलीपाशी राबली त्या घरचा तो जावई झाला. ही कोणाची कृपा नव्हे. विद्येने मिळविलेली बरोबरी होती.

१८३४ साली तो वकील झाला. त्याच वर्षी लोशिचा गावचे लोक त्याच्याकडे आले. तेथील पाद्री त्यांच्याकडून भरमसाट पैसे उकळीत असे. हुआरेझने त्यांचा दावा चालविला. परिणाम काय झाला? पाद्र्यास शिक्षा झाली काय? नाही. फिर्याद करणारे गावकरी तुरुंगात पडले आणि त्यांच्या वकिलालाही काही दिवस तुरुंगात काढावे लागले. अपराध्याचा न्याय अपराध्याच्या भाऊबंदांनी करावयाचा, ही व्यवस्था जोवर मोडत नाही तोवर कोणताही दावा जिंकता येणार नाही, हे त्या तुरुंगाने त्याला शिकविले.

म्हणून न्यायमंत्री होताच त्याने १८५५ साली जो पहिला घाव घातला तो पाद्री आणि लष्कर यांच्या निराळ्या न्यायालयांवर. ५ फेब्रुवारी १८५७ रोजी देशाची राज्यघटना जाहीर झाली. सनातनी पक्षाने ती मानली नाही, शस्त्र उपसले. तीन वर्षे यादवी चालली. त्या यादवीतच, वेराक्रूझ बंदरातून, हुआरेझच्या सरकारने १८५९ साली एकामागून एक कायदे काढले. चर्चची मालमत्ता राष्ट्राची झाली. विवाह हा सरकारदरबारी नोंदवावयाचा करार ठरला. जन्ममृत्यूच्या वह्या सरकारी झाल्या. दफनभूमी पाद्र्यांच्या ताब्यातून निघाली. १८६० च्या डिसेंबरात उपासनेचे स्वातंत्र्य आले. आणि त्याच महिन्यात सनातनी फौजेचा निर्णायक पराभव झाला.

आता नीट ध्यान द्या. मतदानात हरलेले, रणांगणात हरलेले हे लोक पुढे काय करतात? पराभव मान्य करतात काय? नाही. देशभक्तीचा आणि धर्मरक्षणाचा सर्वांत मोठा गजर करणारे हे लोक परदेशी जातात आणि परक्या राजाचे पाय धरतात. पॅरिसच्या राजवाड्यात आणि रोममध्ये त्यांच्या खेपा सुरू होतात. गुतिएरेझ एस्त्रादा नावाच्या त्यांच्या एका पुढाऱ्याने तर १८४० सालीच जाहीर लिहिले होते की मेक्सिकोला युरोपातील राजपुत्रच हवा. स्वतःच्या देशातील झापोटेक माणूस अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेला त्यांना पाहवत नव्हता. मात्र ज्याने मेक्सिकोची भूमी डोळ्यांनीही पाहिली नव्हती असा परका सिंहासनावर बसविण्यास त्यांची ना नव्हती. आपल्या माणसाच्या बरोबरीने बसण्यापेक्षा परक्याच्या पायाशी बसणे ज्यांना गोड वाटते, त्यांच्या राष्ट्राभिमानाची किंमत किती समजावी?

त्यांना निमित्तही मिळाले. यादवीने खजिना रिता झाला होता. १७ जुलै १८६१ रोजी हुआरेझच्या सरकारने परदेशी कर्जाची फेड दोन वर्षांपुरती थांबविली. कर्ज नाकारले नाही, मुदत मागितली. लगेच ३१ ऑक्टोबर १८६१ रोजी इंग्लंड, फ्रान्स आणि स्पेन या तीन सावकारांनी लंडन येथे करार केला आणि आपली जहाजे वेराक्रूझवर पाठविली. तीनच वर्षांपूर्वी ज्या इंग्लंडच्या राणीने हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून आपल्या हाती घेतला, तिचेच सरकार येथेही सावकार म्हणून उभे होते. परंतु फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याचा डाव केवळ वसुलीचा नाही, राज्य गिळण्याचा आहे, हे दिसून येताच इंग्लंड व स्पेन १८६२ च्या एप्रिलात बाजूला झाले.

फ्रान्सच्या मागणीचा एक नमुना पाहा. झेकर नावाच्या स्विस सावकाराने सनातनी पक्षाच्या बंडखोर सरकारला थोडीशी रोकड देऊन दीड कोटी पेसोंचे रोखे लिहून घेतले होते. हे दीड कोटी मेक्सिकोच्या कायदेशीर सरकारने चुकवावे, अशी फ्रान्सची मागणी होती. आणि या रोख्यांत वाटा कोणाचा? खुद्द नेपोलियनचा सावत्र भाऊ ड्यूक द मोर्नी याचा! ज्या पैशाने तुमच्या घरावर हल्ला झाला, तो पैसा व्याजासकट तुम्हीच फेडा, असे हे सावकारी तत्त्वज्ञान होते. त्याला नाव मात्र दिले होते संस्कृतीचा प्रसार.

फ्रेंच सेनापती लोरान्सेझ याने १८६२ च्या एप्रिलात आपल्या युद्धमंत्र्यास कळविले की वंशाने, शिस्तीने आणि नीतिमत्तेने आम्ही मेक्सिकन लोकांहून इतके श्रेष्ठ आहोत की सहा हजार शिपायांच्या बळावर मी या देशाचा धनी झालोच असे समजावे. वंशाने श्रेष्ठ! हा शब्द ऐकला की तुमच्या कानांना ओळखीचा वाटेल. या फुशारकीला पुरते दोन आठवडेही लोटले नाहीत तोच उत्तर मिळाले. ५ मे १८६२ रोजी प्यूब्ला शहराच्या लोरेतो आणि ग्वादालूपे या टेकड्यांवरील गढ्यांपुढे इग्नासिओ सारागोसा या तरुण सेनापतीच्या फौजेने फ्रेंचांचे हल्ले परतवून लावले. त्या फौजेत प्यूब्ला प्रांताच्या उत्तरेकडील डोंगरांतून आलेले नाहुआ जमातीचे शेतकरी होते. ज्या फौजेने क्रायमियात आणि इटलीत विजय मिळविले होते, तिला त्या दिवशी पाठ फिरवावी लागली. श्रेष्ठ वंशाचा सिद्धान्त त्या टेकड्यांच्या उतारावर पडला तो तेथेच राहिला.

परंतु मी तुम्हांला केवळ विजयाची कथा सांगून फसविणार नाही. एका दिवसाच्या विजयाने गुलामगिरी टळत नसते. नेपोलियनने मोठी फौज धाडली. १८६३ साली प्यूब्लाला वेढा पडला. तो ६२ दिवस टिकला. अन्न संपले, दारूगोळा संपला. तेव्हा १७ मे रोजी मेक्सिकन फौजेने आपली शस्त्रे मोडली आणि मग अधिकारी शत्रूच्या स्वाधीन झाले. पुन्हा लढणार नाही असे लिहून द्या, म्हणजे मोकळे करू, असे फ्रेंचांनी सांगितले. त्यांनी लिहून देण्यास नकार दिला. त्यांतील अनेकांची रवानगी फ्रान्सला कैदी म्हणून झाली. हुआरेझने ३१ मे रोजी राजधानी सोडली. जूनमध्ये फ्रेंच आत शिरले. जुलैत सनातनी पक्षाच्या निवडक प्रतिष्ठितांची सभा भरली आणि तिने ठरविले की देशाला राजा हवा व तो मॅक्झिमिलियन असावा. शेतकरी, मजूर, खेडेगावचे आदिवासी यांना कोणी विचारले नाही. पुढे जनतेची संमती म्हणून जी कागदपत्रे युरोपात नेली, त्यांवरच्या सह्या फ्रेंच संगिनींच्या छायेत गोळा केलेल्या होत्या.

१० एप्रिल १८६४ रोजी मॅक्झिमिलियनने मिरामारच्या राजवाड्यात मुकुट स्वीकारला आणि त्याबरोबर एक करारही केला. त्या कराराप्रमाणे मेक्सिकोने फ्रान्सला स्वारीच्या खर्चापोटी २७ कोटी फ्रँक द्यावयाचे आणि पुढे प्रत्येक फ्रेंच शिपायामागे वर्षाला एक हजार फ्रँक. सज्जन बादशहाची ही पहिली सही! ज्या गरिबांचा त्याला कळवळा होता त्यांच्या माथी, त्यांना जिंकण्याचा खर्च, त्यांचे तोंडही पाहण्यापूर्वी त्याने बसविला.

आता बादशहाच्या भाटांचे सर्वांत मोठे प्रमाण घेऊ, आणि ते प्रामाणिकपणे घेऊ. मॅक्झिमिलियनने चर्चची मालमत्ता परत करण्यास नकार दिला, हे खरे आहे. त्याने एप्रिल १८६५ मध्ये गरीब वर्गांच्या संरक्षणासाठी एक मंडळ नेमले आणि त्यावर चिमालपोपोका या नाहुआ पंडितास बसविले, हे खरे आहे. १ नोव्हेंबर १८६५ च्या कायद्याने त्याने शेतमजुरांना फटके मारण्यास बंदी केली व कामाच्या वेळेस मर्यादा घातली, हेही खरे आहे. काही हुकूम त्याने नाहुआ भाषेत छापविले. १८६६ साली गावांच्या सामाईक जमिनींबद्दल कायदे केले. खेड्यापाड्यांतून लोक आपली गाऱ्हाणी घेऊन त्या मंडळाकडे गेले. हे सारे मान्य.

मग तक्रार काय? तक्रार ही की हे सारे हुकूम होते, हक्क नव्हते. जो हुकूम बादशहाच्या मर्जीने निघतो तो त्याच्या मर्जीने मागेही घेता येतो, आणि त्याच्या फौजेबरोबर तो निघूनही जातो. दान घेणाऱ्याला दात्यापुढे हात पसरता येतो; त्याला जाब विचारता येत नाही. शेतमजुराच्या पाठीवरचा चाबूक थांबविणाऱ्या या हाताने याच काळात आणखी काय काय लिहिले तेही वाचा. सप्टेंबर १८६५ मध्ये, अमेरिकेच्या यादवीत हरलेल्या गुलामधारक दक्षिणेतील गोऱ्यांना मेक्सिकोत जमिनी देण्यासाठी त्याने हुकूम काढला. त्याच्या नियमांत आरंभी लिहिले होते की या भूमीवर पाय ठेवणारा काळा माणूस स्वतंत्र आहे. आणि पुढे लिहिले होते की त्याने मालकाशी पाच ते दहा वर्षांचा करार करावा. पळाला तर त्यास पकडून, मालक परत नेईपर्यंत, विनावेतन सरकारी कामावर जुंपावे. पहिल्या ओळीत स्वातंत्र्य आणि दुसऱ्या ओळीत बेडी! ३ ऑक्टोबर १८६५ रोजी दुसरा हुकूम निघाला : सशस्त्र टोळीत सापडेल त्यास लष्करी न्यायालयापुढे उभे करून चोवीस तासांच्या आत ठार करावे. त्याच महिन्याच्या २१ तारखेस उरुआपान येथे आर्तेआगा आणि सालाझार या प्रजासत्ताकाच्या दोन सेनापतींस या हुकुमाखाली गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्यासाठी युरोपातील कोणत्या दरबाराने अश्रू ढाळले? केरेतारोच्या टेकडीवर रडणाऱ्यांना उरुआपानचा रस्ता का सापडू नये?

हे दोन हुकूम आणि मजुरांचा तो कायदा दोन महिन्यांच्या आत एकाच हाताने लिहिले. येथे बादशहाच्या स्वभावाचा प्रश्नच नाही. तो सज्जन असेलही. परंतु परक्या संगिनीवर उभे राहिलेले सिंहासन सज्जनाला बसावयास दिले तरी तो सज्जनपणाने राज्य करू शकत नाही. ज्या जमीनदारांनी व पाद्र्यांनी त्याला बोलाविले त्यांचे हित मोडावे तर आधार तुटतो. राखावे तर गरीब बुडतो. शेवटी त्याने दोघांनाही दुखविले आणि एकट्या फ्रेंच फौजेच्या जिवावर राहिला.

दुसऱ्या बाजूला काय होते? हुआरेझ एका काळ्या बग्गीतून राष्ट्राचे सरकार घेऊन उत्तरेकडे सरकत होता. सान लुईस पोतोसी, साल्तिल्यो, मोंतेरे, चिवावा. आणि १८६५ च्या ऑगस्टात थेट सरहद्दीवरील पासो देल नोर्ते, जे आज त्याच्या नावाने ओळखले जाते. त्याच्याजवळ फौज थोडी, पैसा त्याहून थोडा. बादशहाला मात्र वर्षाला पंधरा लाख पेसोंचा तनखा आणि चापुल्तेपेकचा राजवाडा. मग हुआरेझजवळ होते तरी काय? त्याच्याजवळ घटना होती. मॅक्झिमिलियनने त्याला सामोपचाराच्या बोलण्यास बोलाविले तेव्हा त्याने कळविले की परक्याचे हक्क आणि मालमत्ता हिरावण्याचे सामर्थ्य माणसाला मिळू शकते, पण इतिहासाच्या निकालावर मात्र कोणाचाही अंमल चालत नाही.

त्या भटकंतीतील एक गोष्ट मला सर्व लढायांहून मोठी वाटते. राष्ट्राचे दप्तर, म्हणजे कायदे, करार, नोंदी, गाड्यांत भरून बरोबर नेले जात होते. १८६४ साली लागुना प्रदेशात ते पुढे नेणे अशक्य झाले. तेव्हा ते तेथील शेतकऱ्यांच्या हवाली करण्यात आले. त्यांनी ते डोंगरातील एका गुहेत लपविले. साम्राज्याच्या शिपायांनी शोध केला, माणसांचे हाल केले, जीव घेतले. गुहा कोणी दाखविली नाही. १८६७ साली दप्तर राजधानीस परत आले. या शेतकऱ्यांपैकी कितीजणांना ते कागद वाचता येत असतील? परंतु त्या कागदांत आपले काहीतरी आहे, हे त्यांना कळले होते. ज्यांच्याजवळ जमीन नाही, पेढी नाही, तलवार नाही, त्यांची एकमेव मिळकत म्हणजे कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला त्यांचा हक्क. ती मिळकत जिवापलीकडे कशी जपावी हे त्या गुहेला विचारा.

आणि शत्रूच्या बाजूने कोण लढत होते तेही पाहा. वेराक्रूझच्या किनाऱ्यावर पिवळ्या तापाने फ्रेंच शिपाई मरू लागले, तेव्हा नेपोलियनच्या मागणीवरून इजिप्तच्या सत्ताधीशाने १८६३ च्या जानेवारीत सुमारे साडेचारशे सुदानी शिपाई जहाजात भरून पाठविले. काळे आहेत, त्यांना ताप बाधणार नाही, हा हिशेब! ज्यांना आपल्या घरातून ओढून आणले, त्यांना दुसऱ्याचे घर लुटण्याच्या कामी जुंपले. साम्राज्य नेहमी एका दलिताच्या हातून दुसऱ्या दलिताचा गळा दाबते; स्वतःचे हात धुऊन ठेवते.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे म्हणजे तुमच्याशी अप्रामाणिक होणे होय. तोमास मेहिया ओतोमी होता. तो बादशहासाठी का मेला? तेपिकच्या डोंगरांतील मानुएल लोसादा आणि त्याच्याबरोबरचे आदिवासी साम्राज्याच्या बाजूस का गेले? त्यांना मूर्ख किंवा फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मेहियाला त्याच्या धर्मगुरूंनी शिकविले होते की हे युद्ध धर्माचे आहे, आणि त्याने ते मनापासून खरे मानले. परंतु लोसादाच्या लोकांचे दुखणे निराळे होते आणि ते खरे होते. १८५६ च्या ज्या कायद्याने चर्चच्या जमिनी मोडल्या, त्याच कायद्याच्या कक्षेत गावांच्या सामाईक जमिनीही आल्या. मालकी एकेकट्याची असावी, म्हणजे प्रगती होईल, असे उदारमतवादी पुढाऱ्यांना वाटले. पैसा असलेल्यांनी जमिनी घेतल्या. शेतकरी उघडा पडला. स्वतः हुआरेझ वाहाकाचा राज्यपाल असताना १८५० साली त्याच्या फौजा हुचितान या झापोटेकांच्याच गावावर गेल्या आणि त्या चकमकीत गावाचा मोठा भाग जळाला. आपल्या जातीचा माणूस सत्तेवर बसला म्हणजे आपले सर्व प्रश्न सुटले, असे मानणाऱ्याने हुचितानची राख हातात घेऊन पाहावी.

तरीही त्या हुचितानच्या लोकांनी काय केले? ५ सप्टेंबर १८६६ रोजी त्यांच्या गावावर फ्रेंच आणि साम्राज्यवादी फौज चालून आली, तेव्हा त्यांनी तिचा पराभव केला. हुआरेझवरचा राग त्यांनी बादशहाच्या पदरात टाकला नाही. प्यूब्लाच्या डोंगरांतील सोचियापुल्को गावच्या नाहुआंनी हुआन फ्रान्सिस्को लुकासच्या पुढारीपणाखाली ऑस्ट्रियन शिपायांशी झुंज दिली. त्यांच्यापुढेही जमिनीचा आणि गावाच्या स्वराज्याचा प्रश्न होता. या लोकांनी एक विवेक दाखविला. प्रजासत्ताकात अन्याय झाला तर त्याविरुद्ध प्रजासत्ताकाच्याच कायद्याने भांडता येते, कारण तेथे आपण मालक आहोत. बादशाहीत न्याय झाला तरी तो भीक म्हणून पदरात पडतो, कारण तेथे आपण आश्रित आहोत. अन्याय करणारे आपले सरकार सुधारता येते. दया करणारा परका बादशहा सुधारता येत नाही, तो घालवावाच लागतो.

शेवट तुम्हांला ठाऊकच आहे. अमेरिकेची यादवी १८६५ साली संपली आणि तिकडून दडपण आले. युरोपात प्रशियाचे बळ वाढले. रानावनांतून लढणाऱ्या मेक्सिकन टोळ्यांनी फ्रेंचांना स्वस्थता लाभू दिली नव्हती. नेपोलियनने हिशेब केला आणि मार्च १८६७ पर्यंत आपली फौज परत नेली. ज्याने मुकुट दिला त्यानेच पाठ फिरविली. मेच्या १५ तारखेस केरेतारो पडले. मॅक्झिमिलियनचा खटला २५ जानेवारी १८६२ च्या कायद्याखाली चालला. तो कायदाही कठोर होता, हे मी नाकारीत नाही. परंतु तो त्याच्या येण्यापूर्वी दोन वर्षे जाहीर झालेला होता, आणि तो देशावर चालून येणाऱ्यांसाठी होता, देश राखणाऱ्यांसाठी नव्हता. हुआरेझला दया आली नाही असे जे म्हणतात त्यांना माझा एकच प्रश्न आहे : हजारो अनाम शेतकऱ्यांना गोळ्या घालणाऱ्या राजवटीच्या धन्यास केवळ त्याचे रक्त राजघराण्याचे म्हणून सोडावयाचे असेल, तर कायद्यापुढे सर्व समान ही ओळ घटनेतून खोडावी काय? याच समतेसाठी तर १८५५ साली पाद्र्यांची आणि सरदारांची न्यायालये मोडली होती. फ्रेंच चित्रकार माने याने त्या प्रसंगाचे जे प्रसिद्ध चित्र काढले, त्यात गोळ्या झाडणाऱ्यांच्या अंगावर फ्रेंच गणवेशासारखे कपडे आहेत. त्या राजपुत्राचा खरा बळी कोणी घेतला हे त्या फ्रेंच माणसाला उमगले होते.

१५ जुलै १८६७ रोजी हुआरेझ राजधानीस परत आला. व्यक्तींमध्ये काय किंवा राष्ट्रांमध्ये काय, दुसऱ्याच्या हक्काचा मान राखणे हीच शांतता होय, असे त्याने त्या दिवशी जनतेस सांगितले. १८७२ साली तो वारला. पुढे काय झाले? ५ मेच्या लढाईत शौर्याने लढलेला पोर्फिरिओ दियाझ हाच पुढे हुकूमशहा झाला. १९११ पर्यंत चाललेल्या त्याच्या अमलात गावांच्या जमिनी जमीनदारांच्या घशात गेल्या आणि याकी जमातीच्या लोकांना पकडून युकातानच्या मळ्यांवर राबावयास पाठविण्यात आले. बादशहा गेला होता. बादशाही गेली नव्हती. त्यासाठी १९१० साली पुन्हा क्रांती करावी लागली आणि १९१७ च्या घटनेत गावांचा जमिनीवरील हक्क लिहावा लागला. १९९२ साली त्या कलमातही फेरबदल झाला आणि आदिवासींना पुन्हा उठावे लागले. हक्क एकदा मिळाला की कायमचा मिळाला असे होत नाही. तो प्रत्येक पिढीने पुन्हा कमवावा लागतो.

म्हणून, बंधुभगिनींनो, जेव्हा कोणी तुमच्यापुढे येऊन एखाद्या दयाळू धन्याची स्तुती गाईल, त्याने किती दान केले, किती प्रेमाने विचारपूस केली याच्या कथा सांगेल, तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारा. हा धनी कोणी बोलाविला? त्याच्या दानाचा खर्च कोणाच्या माथी बसला? आणि उद्या त्याने हात आखडता घेतला तर त्याला जाब विचारण्याचे कलम कोठे लिहिले आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर त्याच्या दानाला हात लावू नका.

आणि आपल्या घरी, मुलांना गोष्टी सांगावयाच्या वेळी, बादशहाच्या सोन्याच्या गाडीची गोष्ट सांगू नका. चाबूक स्वतः पुढे ठेवून अक्षरे शिकणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट सांगा. आणि त्याहूनही आधी, वाचता न येणारे कागद जिवाच्या मोलाने गुहेत राखणाऱ्या त्या शेतकऱ्यांची सांगा. त्या शेतकऱ्यांना वाचता आले नाही. तुमच्या मुलांना येते. तेव्हा त्यांच्यावरचे कर्तव्य दुप्पट आहे : कागद राखावयाचा, आणि तो वाचावयाचाही.